बिनआवतणाचा

दत्तोबा न्हाव्याचा हात थरथरला आणि मालोजीच्या गालावर वस्तऱ्याची बारीक रेघ उमटली. झालं ते एवढंच. चिंचवडच्या चावडीमागं लिंबाखाली रविवारची सकाळ होती, पाठीवर थंडीतलं कोवळं ऊन होतं. दत्तोबानं धोकटी उलगडलेली आणि मालोजी मांडी घालून, मान वर करून, डोळे मिटून बसलेला. मिसरूड फुटल्यापासून हे असंच चालत आलेलं. आणि दत्तोबाचा हात म्हणजे काय सांगावं! तान्ह्या पोरांच्या जावळापासून म्हाताऱ्यांच्या हनुवटीच्या खळग्यापर्यंत गावातलं एकही तोंड त्या हाताला परकं नव्हतं. तो चुकला असं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आता गालावर रक्ताचा थेंब आला. म्हणजे खरं तर मालोजीनं तो येऊ दिला. त्याच्या कातडीवर तोफेचा गोळा फुटला असता तरी ओरखडा उठला नसता, पण दर रविवारी इथं बसताना तो कातडी मऊ करून बसायचा. ज्याच्यापुढं मान देऊन बसायचं त्याच्या वस्तऱ्याची धार घालवायची, हे काही बरं दिसत नाही. असली बारीकसारीक काळजी घेत घेत तर त्याचं सगळं आयुष्य गेलं होतं. दापोडीच्या कारखान्यात पाना फिरवताना नट पिठासारखा चुरू नये म्हणून बोटं सैल ठेवायची, वाटेत कुणाशी हात मिळवताना तर आणखी सैल.

खरं म्हणजे "मुडद्या, मान हलवलीस!" असं म्हणून दत्तोबानं त्याच्या टाळक्यात टपली हाणायला हवी होती. तसं झालं नाही. म्हाताऱ्याचं तोंड पांढरंफटक पडलं, तुरटीचा खडा शोधताना वाटीतलं पाणी सांडलं, आणि मग त्यानं चक्क हात जोडले. "चुकलं जी. माफी असावी." पाळीची वाट बघत बसलेले दोघे उठले. एकाला बैलांना पाणी दाखवायचं आठवलं. दुसऱ्यानं तेवढीही सबब सांगितली नाही.

"दत्तोबा, तुमी मला भ्यायलात?"

"न्हाई, न्हाई. तुला कशापायी भिऊ... म्हंजी तुमास्नी."

"खरं बोला."

दत्तोबानं वस्तरा फडक्याला पुसला, पुन्हा पुसला. "मास्तरांनी पेपर वाचून दाखवला. दर्यापल्याडच्या मुलखात कोन तरी येऊन चालती लढाई बंद पाडली म्हनं. पेपरवाल्यांना कोन ते ठावं न्हाई. पर गावाला कळायचं ऱ्हातंय व्हय?" तो खाली बघूनच बोलत होता. "आता असं बघ मालू. माझा आन धाकल्या भावाचा बांधाचा तंटा हाय. तू कंदी मधी पडला न्हाईस, कारन आमी कुनी बोलावलं न्हाई. आता तू बोलावल्याबिगर जाया लागलास. उद्या धाकल्याचं खरं धरून तू बांध सरकवलास, तर मी दाद कुठं मागू? पाटलाकडं? का मामलेदाराकडं? देवापुढं बसलो तर त्योबी म्हनंल, बाबा, मालूपुढं माझं काय चालतंय!"

शेवटचं त्यानं थट्टेवारी न्यायला बघितलं, पण ती थट्टा काही जमली नाही. मालोजीला वाटलं, हसावं. हसू आलं नाही. उरलेली दाढी पुढच्या रविवारी करू म्हणून तो उठला, आणि दत्तोबानं त्याला थांब म्हटलं नाही. एक गाल गुळगुळीत आणि एक खरखरीत, असा तो घराकडं चालू लागला.

गावानं त्याला कधी डोक्यावर घेतलं नव्हतं, हीच खरी मौज होती. कुणाला विंचू उतरवता येतो, कुणाला जमिनीखालचं पाणी कळतं, तसं अर्जुनरावांच्या मालूला काहीही करता येतं, एवढं गावाला ठाऊक होतं. पवनेच्या वाळूत भरली गाडी रुतली की पोराटोराला सांगायचे, जा रे, मालूला हाक मार. मालू यायचा, बैलांसकट गाडी उचलून काठावर ठेवायचा, गूळपाणी घ्यायचा आणि जायचा. गोऱ्या साहेबाच्या कानावर कुणकुण गेली, तेव्हा सोपानराव पाटलांनी "आमच्या गावात तसलं काय न्हाई सायेब" असं तोंडावर सांगितलं होतं. गाव ते आजतागायत पाळत आलं होतं. याला कारण त्याचा बाप. अर्जुनरावांनी पोराची ताकद ओळखली तेव्हा ते ना हरखले ना घाबरले. त्यांनी इर्जिकेचा कायदा लावला. एकाच्या रानाला मदत लागली की सगळे आपापली औतं घेऊन जातात, दिवसभर राबतात, दिवस मावळला की औत सोडतात, धन्याच्या घरी जेवतात आणि आपापल्या घरी येतात. पण धन्याचं आवतण आल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या रानात औत घालत नाही. "बोलावल्याबिगर नांगरलं, तर ती मदत ऱ्हात न्हाई," बाप म्हणायचा, "ती मालकी व्हती." बेचाळीस साली भूमिगतांपैकी एक तरणा पोर चादर पांघरून आला होता. मालोजीला म्हणाला, तू मनात आणलंस तर एका दुपारी हे राज्य उलथशील. मालोजीचे हात शिवशिवले होते. बापानं त्या पाहुण्याला दूधभाकरी वाढली आणि म्हणाला, "ह्यात सगळ्यांची औतं चालू द्या, दादा. एकट्यानं नांगरलं, तर ते रान उद्या कुनाचं म्हनायचं?" पाहुणा चिडून गेला. पुढं त्याला पकडून मारून टाकलं असं कळलं, आणि बापानं दिवसभर अन्न घेतलं नाही. बापाचं खरं होतं की त्या पोराचं, हे मालोजीला आजही ठरवता येत नव्हतं. बाप गेला, स्वराज्य आलं, पिंपरीच्या माळावर औषधांच्या कारखान्याच्या भिंती चढल्या, आणि तो प्रश्न तसाच राहिला.

ताकदीपेक्षा जड होतं ते ऐकू येणं. लहानपणी नदीपलीकडचं ऐकू यायचं, मग घाटापलीकडचं, आणि वय वाढलं तसं सगळंच; बोली कुठलीही असो, अर्थही कळायचा. बाजूला सारायला तो शिकला होता. बाजारपेठेत राहणारा माणूस शिकतो, तसा. पण दोन वर्षांमागं कुठल्याशा डोंगरात माणसं मारली जात होती, गावंच्या गावं. कोणत्या तरी सरकारला ती नको होती. मालोजी दापोडीला रस्ता दाबायच्या रोलरच्या पोटात शिरून पाना फिरवत होता आणि ऐकत होता. त्यांच्यातलं कुणी आपल्याला हाक मारील म्हणून तो वाट बघत राहिला. आता त्यांनी कशी हाक मारावी? त्यांना काय माहीत, चिंचवडात एक माणूस हाक ऐकायला बसलाय! ते आपल्या आयांना बोलवत होते, देवांना बोलवत होते, कुणी तर मारणाऱ्यालाच नावानं हाका घालत होता, कारण तो ओळखीचा होता. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिकडचं सगळं गप झालं. मालोजीच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तसाच हातात राहिला, आणि सोबतचा बबनराव म्हणाला, काय राव, बरं वाटंना का? त्या शांततेनं तो आतून पार मोडला. आवतणाची वाट बघत आपण माणसं मरू दिली, आणि वर त्याला रीत म्हणत होतो, याची त्याला इतकी लाज वाटली की पुढं कित्येक दिवस त्याला बापाच्या तसबिरीकडं बघवलं नाही.

म्हणून या खेपेला तो गेला. समुद्रापलीकडं एक नदी, नदीच्या दोन काठांवर दोन फौजा. पल्याडचे अफाट, अल्याडचे मूठभर, पण त्यांच्याकडं तोफा बऱ्या होत्या. मालोजीनं कारखान्यात रजेचा निरोप धाडला, आणि सूर्य कासराभर वर यायच्या आत तो आभाळातून तिथं उतरला होता. कुणाचा पक्ष घ्यायचा नाही, हे त्यानं पक्कं ठरवलं होतं. त्यानं दोन्हीकडच्या तोफा नदीच्या गाळात दाबल्या. विमानं आभाळातून अलगद उतरवून गव्हाच्या रानात ठेवली. बंदुका गोळा करून त्यांचा ढीग घातला आणि वर उभा राहून तो तुडवला. कुणाच्या केसाला धक्का लावला नाही. दोन्ही काठांवरचे शिपाई रिकाम्या हातांकडं बघत बसले, काही रडले, काही हसत सुटले. संध्याकाळी अल्याडच्या गावातल्या बाया भीत भीत पुढं आल्या. त्यांनी जाड रोट्या आणि आंबट दुधाची भांडी आणली. तो काठावर बसून जेवला. जेवणाला चव होती. अंगात दिवसभर राबल्याचा तो गोड शिणवटा होता, आणि त्याला वाटलं, झालं. दिवस मावळला, काम सरलं, जेवण झालं. उठला, हात धुतले, बायांना रामराम केला आणि घरी आला.

घरी आला! जगात दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झाली नसती. कुठल्याही शहाण्यासुरत्या सेनापतीला कळलं असतं की लढाई थांबवणाऱ्यानं तिथं मुक्काम करायचा असतो. पण मालोजीच्या हाडात इर्जिक होती, आणि इर्जिकेचा माणूस धन्याच्या दारात वस्तीला राहत नाही. तो गाढ झोपला. कितीतरी वर्षांनी त्याला काही म्हणता काही ऐकू आलं नाही. आणि तोफा नाहीशा झाल्यावर अल्याडच्या मूठभरांकडं उरलं काय? पल्याडचे कुऱ्हाडी, कोयते, वल्ही घेऊन नदी उतरून आले. सकाळी मालोजी पुन्हा तिथं गेला तेव्हा सगळं आटपलं होतं. जिवंत उरलेले नदीच्या खालच्या अंगाला दलदलीत, वेतांच्या बेटात लपलेले. रोट्यांची टोपली काठावर तशीच पडलेली. तो उभा राहिला, आणि कुणी त्याच्याकडं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. काय करावं ते न सुचून तो परत आला. ते लोक अजून दलदलीत होते. पल्याडचे त्यांना हुडकत होते. आत्ता, या घडीला, चिंचवडच्या बोळातून चालताना तो त्यांचा श्वास ऐकत होता.

मारुतीच्या पारावर सोपानराव पाटील बसले होते. ते मालोजीला बघून उठून उभे राहिले. ऐंशीच्या घरातला माणूस, मामलेदार आला तरी ढिम्म न हलणारा, काठी टेकत उठला. "या, बसा," म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, औषधांच्या कारखान्यासाठी आणखी जमीन घेणार असं चाललंय, आपल्या भावकीची रानं त्यात जातायत, तुम्ही नुसतं मनात आणलंत तर... "अर्ज करायचं काय कारन उरनार न्हाई," पाटील म्हणाले. "तुमी सरकारला एकदा दिसलात तरी पुरं." मालोजीनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. ज्या माणसानं गोऱ्या साहेबाला तोंडावर खोटं सांगून त्याला माणसांत ठेवलं, तोच आज त्याला माणसांतून उठवत होता. आणि वाईट हे की मालोजीच्या मनानं तेवढ्यात हिशेब केलाही होता. खरंच, काय अवघड आहे? तिकडं दलदलीतल्या लोकांसाठी जाऊन बसायचं, पल्याडच्यांना आवरायचं, कुणी राज्य करायचं ते ठरवायचं. मग इकडची जमीन, मग सगळीकडचे डोंगर, सगळ्या नद्या, सगळे बांध. दत्तोबाचाही. पुन्हा कधी ती शांतता ऐकायला नको. हा विचार इतका सरळ आणि इतका बरा वाटला की तो घरापर्यंत पाय उचलत आला.

सोजरा ओसरीवर पावटे सोलत बसली होती. सोजरा त्याची बायको. तिच्याबद्दल सांगायचं तर लग्न होऊन आली त्याच महिन्यात मालोजीनं तिला आवडेल म्हणून घराची मागची भिंत दोन हात मागं सरकवली होती. तिनं ती पुन्हा होती तिथं आणायला लावली. "माझं घर हाय. मला इचारलंत व्हय?" तेव्हापासून उंबऱ्याच्या आत ती ताकद चालत नसे. पाणी तो कावडीनं आणायचा आणि दमायचा, दमल्याचं सोंग नव्हे, खरंच दमायचा. जेवताना मीठ कमी म्हणाला तर ती डबा पुढं सरकवायची आणि वर दोन शब्द ऐकवायची. जगात त्याला नाही म्हणणारं माणूस हे एवढं एकच होतं, आणि आजवर याचं मोल त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिनं त्याच्या अर्ध्या दाढीकडं बघितलं आणि पुढची शेंग उचलली.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सगळं बोलून मोकळा झाला. जाणार, तिथं राहणार. तिथलं लावून दिलं की बाकीच्या जगाचंही लावून देणार. आता वाट बघणं नको, विचारणं नको. "तुला काय वाटतंय?"

सोजराच्या हातातली शेंग थांबली. "तुमास्नी बरं वाटंल तसं करा," ती म्हणाली.

असा आवाज त्यानं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कारखान्यात साहेबापुढं माणसं काढतात तसला, गुळगुळीत, बिनधोक आवाज. म्हणजे हीसुद्धा. त्याला वाटलं, आत्ता ही गेली तर मग आपल्याला कुठं टेकायलाही जागा नाही.

"न्हाई म्हन," तो म्हणाला.

"काय?"

"मला एकदा न्हाई म्हन, सोजरा. पाया पडतो तुझ्या. नेहमी म्हनतीस तसं."

तिनं हातातली शेंग सुपात टाकली. मग तिचे डोळे भरून आले आणि ती भडाभडा बोलायला लागली. "भ्या वाटतं मला तुमचं. खोटं कशाला बोलू? त्या दिसापास्नं झोपेत तुमचा हात अंगावर पडला तरी दचकून जागी व्हते. काल शेजारची अंबूबाई म्हनली, तुझं बरं बाई, तुझा घरधनी देव झाला. देवासंगं नांदायचं कसं वो? देवाला कोन म्हनतं, डबा ठेवा जाग्यावर म्हनून? पर इचारलंत तर सांगते. न्हाई! जाऊ नका. राज्य कराय जाऊ नका कुनावर. तिथल्यांनी काय पाप केलंय, जन्मभर तुमाला भ्यायचं?"

हे ऐकून मालोजीला इतकं बरं वाटलं की त्याला हुंदका आला. आणि त्या बरं वाटण्याच्या मागोमाग दलदलीतला श्वास आला. तिथं कुणीतरी पोराच्या तोंडावर हात दाबून धरला होता, खोकला बाहेर पडू नये म्हणून.

"मी न्हाई गेलो तर ती मरतील," तो म्हणाला. "जी उरल्यात ती."

पदरानं तिनं नाक पुसलं. ओसरीखाली कोंबडी माती उकरत होती. मग तिनं विचारलं, "ज्या बायांनी जेवाय घातलं, त्यातली कोन ऱ्हायलीय?"

"एक हाय. म्हातारी."

"काय म्हनतीया ती?"

"शिव्या देतीया. माझ्या लेकाच्या हातातली बंदूक ज्यानं काढून घेतली, त्याला सुखाची झोप न मिळो, म्हनती."

"बरोबर हाय तिचं." सोजरा शेंगांचं सूप बाजूला सारून उठली. "आन तुमी तिला भेटलात का? बसलात का तिच्यापाशी घडीभर?"

"ती बोलवंल तरी का मला? आवतन..."

"अवं, मयताला कुठं आवतन असतं!" ती अशी कडाडली की कोंबडी पळाली. "लग्नाला असतं, कामाला असतं. लोकाची मानसं गेली तर बोलावण्याची वाट बघतं व्हय कुनी? तिच्या हातचं जेवलात, तिचा लेक गेला, आन तुमी घरी येऊन बसलात. इतके दीस! वर तिच्यावर राज्य कराय निघालात." ती आत गेली, परात ओढल्याचा आवाज आला. "मी येते संगं. तिथं जाऊन बसायचं. ती बोलंल ते खाली मान घालून ऐकायचं, मारलं तर मार खायाचा. मग तीच सांगंल काय करायचं ते. तिची इच्छा असंल तर ऱ्हायचं, न्हाई तर न्हाई."

"आन आपन बसलोय तवर पल्याडचे आले कुऱ्हाडी घेऊन? आन ती म्हातारी म्हनली, त्यांना सगळ्यांना मारून टाक? तर मी काय करू?"

आतला आवाज थांबला. सोजरा दारात आली. हात परातीतल्या पिठानं कोपरापर्यंत पांढरे झालेले. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं, आणि तिला भीती वाटत होती हे दिसत होतं, आणि तरी ती बघत राहिली.

"मला न्हाई ठावं," ती म्हणाली. "तुमालाबी ठावं न्हाई. म्हनून तर दोघं चाललोय." मग डोळे पुसून, नेहमीच्या सुरात: "त्यांच्यात चूल पेटली नसंल. भाकरी घेऊन जाया लागंल. किती जनं उरल्यात तिथं?"

मालोजी थबकला. मेलेले किती, हे तो त्या दिवसापासून मनात घोकत आला होता. जिवंत किती, हे त्यानं एकदाही मोजलं नव्हतं. तो डोळे मिटून उभा राहिला आणि ऐकू लागला. वेतांच्या बेटातला एकेक श्वास, दबलेला, चिडका, म्हाताऱ्याचा, तान्ह्याचा, वेगवेगळा करून. वेळ लागला. कुणाला वगळलं तर नाही ना म्हणून त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि मग आकडा सांगितला.

सोजरानं आकडा ऐकला. पिठाच्या डब्यात वाकून बघितलं.

"अंबूबाईकडनं बाजरीचं पीठ मागून आना," ती म्हणाली. "आन चालत जावा."